घट्ट बसलेली वॉटर बॉडी आणि उद्यमनगरातले तीन दिवस

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या गॅरेजने माझ्या मारुती झेनच्या इंजिनात घट्ट बसलेला पाण्याचा पंप तीन दिवसांत, इंजिनाला एकही नवी जखम न करता बाहेर काढून दिला. गॅरेजचे नाव येथे देत नाही, कारण मेस्त्रींनी तशी विनंती केली आहे. ते आणि त्यांचा एक मदतनीस मिळून एका वेळी दोनच गाड्या हातात घेतात आणि त्याहून जास्त काम दारात उभे राहावे अशी त्यांची इच्छा नाही. तरीही हे काम कसे झाले, कशात वेळ गेला, पैसे किती पडले आणि काय खटकले, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांची गाडी आहे त्यांच्यापैकी अनेकांवर हा प्रसंग येतो, आणि त्या वेळी पहिल्या तासात चुकीच्या हातात गाडी गेली तर दीड-दोन हजारांच्या पंपापायी अख्खे इंजिन गमावण्याची वेळ येते.

माझी झेन २००२ सालची, एमएच ०९ पासिंगची. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तिची नोंदणी नूतनीकरण करून घेतली आहे. तिचे ९९३ सीसीचे इंजिन संपूर्ण ॲल्युमिनियमचे आहे. १९९३ मध्ये झेन बाजारात आली तेव्हा या हलक्या इंजिनाचे मोठे कौतुक झाले होते, आणि ते योग्यच होते. मात्र ॲल्युमिनियमच्या इंजिनाला पाण्याची शिस्त लागते. आम्ही कळंब्याच्या बाजूला राहतो, घरी बोअरचे पाणी आहे, आणि रेडिएटरमधली पातळी उतरली की अनेक वर्षे मी तेच पाणी भरत आलो. वर्षभर पाण्याने धकवायचे आणि कधीतरी मेकॅनिकने आठवण केली की कूलंट टाकायचे, ही सवय मला स्वतःलाच महागात पडली, हे आधीच स्पष्ट सांगतो.

पंपाने सूचना दिलीच नव्हती असेही नाही. सकाळी गाडी सुरू केली की अर्धा मिनिट किर्र असा आवाज येई आणि फरशीवर उजव्या चाकाच्या आत चार-दोन थेंब दिसत. या पंपाच्या दांड्यावर एक सील असते आणि सीलच्या पलीकडे बेअरिंग. सील झिजले की पाणी बेअरिंगकडे जाऊ लागते. ते बाहेर पडावे म्हणून पंपाच्या अंगाला खालच्या बाजूस एक बारीक भोक ठेवलेले असते. त्या भोकातून थेंब येणे म्हणजे सील संपल्याची खूण होय. मी ज्या मेकॅनिकला दाखवले त्याने आवाज ऐकून फॅन बेल्ट ढिला असल्याचे सांगितले आणि तो ताणून दिला. आवाज आठवडाभर थांबला. प्रत्यक्षात त्या जास्तीच्या ताणाने आधीच ग्रीस धुऊन गेलेल्या बेअरिंगवर आणखी भार पडला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही वैभववाडीहून परत येताना करूळ घाटाच्या मध्यावर व्हायचे ते झाले. आधी बेल्टची किंचाळी, मग जळक्या रबराचा वास, आणि पाठोपाठ बॅटरीचा लाल दिवा व तापमानाचा काटा हे दोन्ही एकदम. या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप याच एका फॅन बेल्टवर फिरतात, त्यामुळे या दोन खुणा एकत्र दिसल्या की पंपाची पुली अडकली आहे असे समजायला हरकत नाही. काटा खाली यावा म्हणून मी हीटर पूर्ण सोडला, तर गार वारा आला. इंजिन तापलेले असताना हीटरमधून गार वारा येणे याचा अर्थ पाणी फिरतच नाही. मी ताबडतोब इंजिन बंद केले, रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह टाळला आणि पुढचा सारा प्रवास दुसऱ्या गाडीच्या मागे, साळवण, कळे करत दोरीवर झाला. इंजिन वाचले ते वेळीच बंद केल्यामुळे, असे नंतर मेस्त्रींनीही सांगितले.

गाडी प्रथम घराजवळच्या एका गॅरेजात गेली. तेथे अर्ध्या दिवसात एका बोल्टचे डोके गोल झाले, दुसऱ्याचे डोके तुटून हातात आले, तिसरा निघाला तो आतले आटे घेऊनच निघाला, आणि पंप जागचा हलेना म्हणून ब्लॉक (इंजिनाचे मुख्य अंग) व पंप यांच्या सांध्यात छिन्नी ठोकली गेली. मी संध्याकाळी गेलो तेव्हा मला सांगण्यात आले की पंप आता निघणार नाही, ब्लॉक बदलावा किंवा गाडी भंगारात द्यावी. त्या माणसांनी कामचुकारपणा केला असे मी म्हणणार नाही. त्यांनी जोर लावण्यात काहीच कमी केले नव्हते. जोर हा तेथे उपाय नव्हता.

येथे 'जाम' या शब्दाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पंप जाम झाला असे आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतो. एक म्हणजे दांडा बेअरिंगमध्ये अडकणे. ते घाटात झाले, आणि त्याचा उपाय एवढाच की पंप नवा घालणे. दुसरे म्हणजे पंपाचे अंग, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात, ते ब्लॉकला धरून बसणे. हे वर्षानुवर्षे चुपचाप घडत असते आणि पंप काढायला गेल्यावरच कळते. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये क्षारयुक्त पाणी शिरले की दोन धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. झिजलेल्या ॲल्युमिनियमची जी पांढरी भुकटी तयार होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून बोल्टच्या भोवतीच्या केसभर फटीत ती पाचरीसारखी ठासली जाते. बोल्ट आट्यांत अडकतोच, शिवाय पंपाच्या अंगातून जाणारा त्याचा गुळगुळीत भागही भोकाला चिकटतो. कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्ये असतात ती नेमके हेच थांबवण्यासाठी. कोल्हापुरात पाणी गोठण्याची भीती नसल्यामुळे कूलंट अनावश्यक आहे, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि स्वतःही बाळगला आहे. तो चुकीचा आहे.

एका स्नेह्यांनी उद्यमनगरातल्या या मेस्त्रींचे नाव सुचवले. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की येथे ओतकाम, लेथ, वेल्डिंग, गिअर कापणे, पुली भरणे ही सारी कामे हाकेच्या अंतरावर होतात, आणि एका दुकानात अडलेले काम शेजारच्या दुकानात सुटते. कोल्हापुरात 'मेस्त्री' हा शब्द हातातल्या कसबाचा मान म्हणून वापरला जातो. कोल्हापूरच्या आद्य यंत्र-कारागिरांपैकी एक असलेल्या म्हादबा मेस्त्रींचे नाव येथल्या उद्योगात आजही आदराने घेतात ते त्यामुळेच. हे गॅरेज आतल्या गल्लीत, एका लेथच्या दुकानाला लागून आहे. पत्र्याची शेड, दोन गाड्यांची जागा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, प्रत्येक पान्याच्या मागे रंगाने काढलेली त्याचीच आकृती. एकही आकृती रिकामी नव्हती, आणि माझा विश्वास बसायला तेथूनच सुरुवात झाली.

दोरीवर आणलेली गाडी मेस्त्रींनी आधी दोन लोखंडी घोड्यांवर चढवली, उजवे चाक काढले, आणि मग जवळजवळ पाव तास कशालाही हात न लावता बॅटरी (टॉर्च) आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन ते नुसते बघत राहिले. छिन्नीच्या खुणेवरून त्यांनी दोनदा बोट फिरवले. "सर, हे पाण्याच्या वाटेपर्यंत गेलं नाही, नशीब समजा. पण आता घाई करायची नाही. तीन दिवस द्या मला, दोन दिवस तर नुसतं सोडवण्यातच जातील," असे ते म्हणाले. मी कारण विचारले तेव्हा त्यांचे उत्तर होते, "पंप आज संध्याकाळीही निघंल की. पण ब्लॉकचा कान मोडला तर तो कुठनं आणायचा?" माझ्या दृष्टीने या गॅरेजचे सारे मूल्य त्या एका वाक्यात आहे. बाकीच्यांनी पंप किती लवकर निघेल याचा विचार केला होता. यांनी ब्लॉक शाबूत कसा राहील याचा विचार केला.

पहिला दिवस मोकळे करण्यात आणि भिजवण्यात गेला. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टच्या, म्हणजे क्रँक आणि कॅम यांना एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्याच्या, मागे असतो, त्यामुळे क्रँकची पुली, टायमिंगचे झाकण, बेल्ट आणि त्याला ताण देणारा टेन्शनर काढल्याशिवाय पंपाच्या बोल्टांपर्यंत पूर्ण हात जात नाही. बेल्ट उतरवण्यापूर्वी त्यांनी क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून घेतल्या व त्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. आधीच्या गॅरेजात बेल्ट न काढताच, तिरका पाना लावून बोल्ट फिरवले गेले होते. डोके गोल होण्याचे कारण तेच. मग प्रत्येक बोल्टभोवतीची पांढरी भुकटी तारेच्या बारीक ब्रशने खरवडून काढली आणि गंज सोडवणारे पातळ तेल दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे सोडले. दर वेळी बोल्टच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून हातोडीने हलके आठ-दहा ठोके दिले, जेणेकरून भुकटीला सूक्ष्म तडे जावेत आणि तेलाला वाट मिळावी. पाना त्या दिवशी एकाही बोल्टला लागला नाही. संध्याकाळी मला गाडीत काहीच फरक दिसेना, आणि खरे सांगायचे तर मनात शंका आली.

दुसऱ्या दिवशी शेक देण्याचे काम होते. हे मी सुट्टी असल्यामुळे पूर्णवेळ उभे राहून पाहिले, आणि शाळेत तीस वर्षे जे प्रसरण फळ्यावर शिकवले ते येथे उपयोगात येताना पाहून मला फार समाधान वाटले. १०० मिलिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी १०० अंश सेल्सिअसने तापवली तर ती सुमारे ०.२३ मिलिमीटरने वाढते. तेवढीच पोलादी पट्टी साधारण त्याच्या निम्म्यानेच वाढते. म्हणजे बोल्ट आणि त्याभोवतीचा ॲल्युमिनियमचा भाग सारखेच तापले तरी भोक बोल्टपेक्षा अधिक मोठे होते आणि पकड सुटते. अडचण अशी की शुद्ध ॲल्युमिनियमही ६६० अंशांना वितळते आणि लोखंडासारखे आधी लाल होऊन इशारा देत नाही. मेस्त्रींनी गॅसचा छोटा बर्नर घेतला, सतत हलता ठेवला, आणि दर थोड्या वेळाने बोटावरून पाण्याचा थेंब त्या जागी सोडला. थेंब नुसता पसरला तर आणखी शेक; तडतडून उडाला की बर्नर बाजूला. त्याच क्षणी मेणबत्तीचे टोक बोल्टच्या कडेला टेकवले. मेण वितळून कडेने आत ओढले जाताना डोळ्यांना दिसत होते. तेलाचा स्प्रे आणि ज्योत एका वेळी कधीच वापरायची नाही, आधीचे तेल पुसून, वारा लागू देऊनच बर्नर पेटवायचा, हे त्यांनी मदतनिसाला दोनदा बजावले.

यानंतर पाना लागला, पण उलट दिशेने. पहिली हालचाल त्यांनी बोल्ट आवळण्याकडे केली, अगदी किंचित, आणि मग सोडण्याकडे. एक बारीक 'टक्' असा आवाज आला. त्या आवाजावर मेस्त्रींनी पाना थांबवला, मान हलवली आणि पुन्हा तेवढाच मागे घेतला. पाव फेरा सोडायचा, त्याच्या निम्मा परत आवळायचा, तेल द्यायचे, पुन्हा सोडायचे, अशा पद्धतीने एकेक बोल्ट बाहेर येण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागली. सहा कोनांचा बॉक्स पानाच ते वापरत होते. बारा कोनांचा पाना झिजलेल्या डोक्यावर घसरतो. ज्याचे डोके गोल झाले होते त्यावर त्यांनी किंचित लहान मापाचा सहा कोनी पाना ठोकून बसवला आणि तोही निघाला.

राहिला तो डोके तुटलेला बोल्ट. त्याचा दांडा पंपाच्या अंगातल्या भोकाला चिकटलेला होता आणि सारा पंप जणू त्या एका खुंटीवर टांगलेला होता. येथे छिन्नी किंवा टॉमी घालून ओढण्याचा मोह कोणालाही झाला असता. मेस्त्रींनी पंप बाहेर ओढण्याचा विचारच केला नाही. त्यांनी तो फिरवायचे ठरवले. बाभळीचा एक ठोकळा पंपाच्या कडेला खालून लावला आणि त्यावर हातोडी, मग वरच्या बाजूने ठोकळा आणि पुन्हा हातोडी. ठोका जोराचा नव्हता, पण तो कोठे बसतो यावर त्यांचे बारीक लक्ष होते. पंधरा-वीस मिनिटे काहीच झाले नाही. मग जुन्या गॅस्केटची काळी कडा एका जागी केसाएवढी सरकलेली दिसली. त्यानंतर पंप त्या तुटक्या बोल्टभोवती दाराच्या बिजागरीसारखा आधी एक मिलिमीटर, मग दोन, मग बोटभर हलू लागला आणि प्रत्येक हालचालीबरोबर सांध्यातून पांढरी भुकटी पिठासारखी खाली गळू लागली. शेवटी मेस्त्रींनी हातोडी खाली ठेवली, दोन्ही हातांनी पंप धरला, डावी-उजवीकडे डोलवत डोलवत तो पुढे घेतला आणि काहीही न बोलता माझ्या हातात दिला. पुली हाताने फिरत नव्हती. पाते निम्मे झिजून गेले होते आणि आतल्या भिंतीवर बोअरच्या पाण्याचा पांढरट थर नखाने निघण्यासारखा नव्हता.

ब्लॉकमध्ये राहिलेले बोल्टचे टोक साधारण नखभर बाहेर होते. त्याला भोक पाडून उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालण्याचा सल्ला शेजारच्या एका कारागिराने दिला, पण मेस्त्रींनी तो नाकारला. तो कडक पोलादाचा असतो आणि आत मोडला तर साधे ड्रिल त्याला कापत नाही. त्याऐवजी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवून, टोकावर एक नट ठेवून तो आतून वेल्ड करून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट सुटतो आणि पान्याला धरायला नवे डोकेही मिळते. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, म्हणून ब्लॉकला चिकटण्याची भीती राहत नाही. गार होऊ देऊन त्यांनी तो दोन बोटांच्या जोराने फिरवून काढला. आधीच्या गॅरेजात आटे गेलेल्या भोकात शेजारच्या लेथवाल्याकडून तारेचे नवे आटे बसवून घेतले.

तिसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते काम नीटनेटके असले तरी नवलाईचे नव्हते. ब्लॉकचे तोंड लाकडी पट्टीने खरवडून आणि ऑइल स्टोन फिरवून साफ केले, छिन्नीच्या ओरखड्याचा उठलेला काठ सपाट केला, गॅस्केटला सीलंटचा पातळ हात दिला आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले. छोट्या गॅरेजात टॉर्क पाना पाहून मला आश्चर्य वाटले. ॲल्युमिनियममधल्या लहान बोल्टांसाठी तो चैनीची वस्तू नाही. सगळे उघडलेच आहे म्हणून टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवे घालण्याचा सल्ला त्यांनी दिला आणि मला तो पटला, कारण पुन्हा तेवढीच मजुरी देण्यात अर्थ नव्हता. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, मात्र त्यांनी विकत आणायला लावला नाही: स्टोव्हवर पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून, त्यावर छापलेल्या तापमानाला तो उघडतो हे मला दाखवले आणि जुनाच परत बसवला. कूलंट व शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरून, हीटर उघडा ठेवून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत इंजिन चालवले. डिपस्टिकवर दुधाळ तेल आहे का, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात का, हेही पाहिले. तसे काही नव्हते, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधले हेड गॅस्केट शाबूत होते.

एकूण बिल ९,६५० रुपये झाले. त्यात पंप १,६०० रुपये, टायमिंग बेल्ट व टेन्शनर १,९००, फॅन बेल्ट ३५०, कूलंट ७००, वेल्डिंग आणि नवे आटे ६०० आणि मजुरी ४,५००. पंपाच्या जवळजवळ तिप्पट मजुरी हे ऐकायला जड वाटते, आणि माझ्या पत्नीने तसे विचारलेही. परंतु मी ते तास मोजले आहेत. दोघांचे तीन दिवस, आणि त्यांतले कित्येक तास केवळ वाट पाहण्याचे, ज्या वेळेत ते दुसरे भरभर होणारे काम घेऊ शकले असते. ही मजुरी मला वाजवी वाटते. जुने सुटे भाग सगळेच्या सगळे, तुटलेल्या बोल्टसह, पिशवीत घालून त्यांनी न मागता परत दिले.

आता तक्रारी. कामाला हात लावण्यापूर्वी मेस्त्री खर्चाचा लेखी अंदाज देत नाहीत. तोंडी 'आठ ते दहाच्या आत बसेल' एवढेच सांगितले होते. रक्कम त्या मर्यादेत बसली, तरी अनोळखी गिऱ्हाइकाला हे पुरेसे वाटणार नाही. बिल वहीच्या पानावर लिहून मिळते. पंपाची वॉरंटी हवी असेल तर सुट्या भागांच्या दुकानाची पावती वेगळी मागून घ्यावी लागते, आणि ती मी दुसऱ्या दिवशी जाऊन आणली. कामाच्या वेळी ते फोन उचलत नाहीत, त्यामुळे गाडीची स्थिती विचारायची तर प्रत्यक्ष जावे लागते. बसायला जागा नाही. या सगळ्याकडे मी दुर्लक्ष करू शकतो, पण एका गोष्टीकडे नाही: ज्या शेडमध्ये बर्नर आणि वेल्डिंग चालते, पेट्रोलच्या गाड्या उभ्या असतात, तेथे आग विझवण्यासाठी वाळूची एकच बादली आहे. मी हे त्यांच्यापाशी स्पष्टपणे बोललो. त्यांनी ऐकून घेतले, 'आणतो' म्हणाले. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा अग्निशामक नळकांडे अजून आलेले नव्हते. इतक्या काळजीने काम करणाऱ्या माणसाने ही काळजी स्वतःची आणि त्या तरुण मदतनिसाचीही घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

ज्यांना तातडीने, सकाळी देऊन संध्याकाळी गाडी परत हवी आहे, त्यांनी या गॅरेजकडे जाऊ नये. ते जमणार नाही आणि मेस्त्री तसे तोंडावर सांगतातही. नव्या गाड्यांची संगणकाला जोडून करायची कामे ते घेत नाहीत. पण जुन्या इंजिनातला अडकलेला बोल्ट, गेलेले आटे, चिकटलेला पंप किंवा हेड अशा कामांसाठी उद्यमनगरात चौकशी करताना मी एकच कसोटी सुचवेन: गाडी दाखवल्यावर मेस्त्री आधी पाना उचलतात की टॉर्च, ते पाहावे. आणि दुसरीकडे कोणी प्रयत्न करून थांबले असेल तर ते लपवू नये. कोणता बोल्ट किती फिरवला गेला, छिन्नी कोठे लागली, हे आपण जितके नेमके सांगू तितके पुढच्या माणसाचे काम सोपे होते.

कामानंतर गाडी २,४०० किलोमीटर चालली आहे. पहिल्या आठवड्यात खालच्या होजच्या क्लिपपाशी ओल दिसली. मेस्त्रींनी क्लिप बदलून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मागच्या पंधरवड्यात आम्ही पुन्हा वैभववाडीला जाऊन आलो. करूळ घाट चढताना ज्या वळणावर मागे थांबावे लागले होते तेथे माझी नजर रस्त्यापेक्षा काट्यावरच अधिक होती, आणि काटा मध्याच्या किंचित खाली होता तेथेच गगनबावड्यापर्यंत राहिला. घरी आल्यावर इंजिन पूर्ण गार होऊ दिले, झाकण उघडले, आणि पातळी जेथे होती तेथेच हिरव्या कूलंटची कडा दिसली. बोअरच्या पाण्याचा डबा आता गाडीत नसतो. डिकीत मिसळून ठेवलेल्या कूलंटची एक लिटरची बाटली असते.